लेथ घ्यायचाय, पण पाणी आलं तर उचलणार कोण?

प्रश्न: मी ६१ वर्षांचा, बँकेतून निवृत्त झालो. शाहूपुरीत तळमजल्यावर नऊ बाय अकराची खोली मोकळी आहे. वडिलांच्या शेतावर होतं तसं आडवं ऑइल इंजिन लहान आकारात स्वतः बनवायचं आणि चालवून दाखवायचं, ही जुनी हौस. फ्लायव्हील १४० मिमी, सिलिंडर बोअर २५ मिमी असा नकाशा काढून ठेवलाय. शिवाय जुन्या स्कूटरची बुशं, समईचे झिजलेले आटे अशी किरकोळ कामं. बजेट दीड लाख. मुलगा म्हणतो, ऑनलाइन ४० किलोचा छोटा लेथ घ्या, टेबलावर बसेल. उद्यमनगरातले एक ओळखीचे त्यांचा साडेचार फुटी जुना लेथ देतो म्हणतात, ‘कंडिशन एकदम टॉप’. एका विक्रेत्याने २१० मिमी स्विंगचा, सव्वाशे किलोचा लेथ सुचवलाय. घरात सिंगल फेज आहे. पत्नीची अट एकच, शेजाऱ्यांची तक्रार येता कामा नये. आणि हो, २०१९ आणि २०२१ ला या खोलीत कमरेइतकं पाणी होतं. कुठला घेऊ?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: नमस्कार. लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं मशीन, ठरवताना सगळ्यात कामाची माहिती तुम्ही जाता जाता शेवटी लिहिलीत. त्या खोलीत दोनदा कमरेइतकं पाणी आलंय. स्विंग (लेथवर जास्तीत जास्त किती व्यास फिरतो तो आकडा), मोटर, स्पिंडल (चक फिरवणारा पोकळ दांडा) या सगळ्याचा विचार करायचाच, पण कोल्हापुरात नाल्याच्या अंगाला राहणाऱ्या माणसाने आधी विचारायचं ते हे, की चार गडी हे मशीन जिन्याने वर नेऊ शकतील का?

माझं उत्तर आधीच सांगतो. तिसरा घ्या, २१० मिमीवाला. पण विक्रेत्याच्या दुकानात मी खाली सांगतोय त्या तपासण्या झाल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि दीड लाख सगळे मशीनमध्ये घालू नका.

लेथच्या बाबतीत एक सल्ला सगळीकडे ऐकू येतो. जागा आणि खिसा झेपेल तेवढा मोठा घ्या, कारण मोठ्या लेथवर लहान काम होतं, लहान लेथवर मोठं होत नाही. सल्ला बरोबरच आहे, पण तो अशा माणसासाठी आहे ज्याच्या आसपास पन्नास किलोमीटरवर टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर नाही. तुम्ही शाहूपुरीत राहता. स्कूटर काढली की उद्यमनगर, आणि मोठंच काम असेल तर पुढे शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव. गावात सहा फुटी, दहा फुटी लेथ डझनांनी चालतात आणि त्यांवर ज्यांची हयात गेली अशी माणसं उभी असतात. तुमच्या अख्ख्या इंजिनात मोठ्या लेथचं काम जेमतेम एका भागाला आहे, फ्लायव्हीलला. तेवढ्यासाठी अर्ध्या टनाचं धूड घरात कशाला? घरच्या लेथने तुमची उरलेली सगळी कामं नीट केली पाहिजेत, म्हणजे सिलिंडर, पिस्टन, क्रँक, व्हॉल्व्ह, स्टड आणि बुशं.

आता ‘नीट’ म्हणजे काय ते आकड्यांत पाहू. जॉबचे, म्हणजे कातायच्या तुकड्याचे, मिनिटाला फेरे काढायचं साधं गणित आहे. कटिंग स्पीड मीटरमध्ये घ्या, त्याला १००० ने गुणा, आणि जॉबचा व्यास गुणिले ३.१४ ने भागा. माइल्ड स्टीलला एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने मिनिटाला २५ मीटर धरा. २५ मिमी बारला साधारण ३२० फेरे येतात. ४ मिमीचा स्टड असेल तर २००० च्या घरात. तुमचं १४० मिमीचं बिडाचं फ्लायव्हील एचएसएसने २० मीटरला काढायचं तर फेरे फक्त ४५. म्हणजे ४५ पासून २००० पर्यंतची मजल एकाच मशीनकडून हवी, आणि सगळी अडचण खालच्या टोकाला आहे.

छोट्या लेथवर ५५० वॅट लिहिलेलं असतं ते पूर्ण गतीचं. आत डीसी मोटर आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असतो. नॉब फिरवून गती एक दशांश केली की मोटरची ताकदही साधारण एक दशांशावर येते. जुन्या साडेचार फुटी लेथला बॅक गिअर असतो, तिथे उलटं होतं. गती कमी केली की जोर वाढतो, मोटर बिचारी आपल्या गतीने फिरत राहते. म्हणून बिडाची मोठी तबकडी हळूहळू सोलायचं काम जुन्या लेथचंच. २१० वाल्यालाही ते जड जाईल, हे विक्रेता सांगणार नाही म्हणून मी सांगतो.

मग फ्लायव्हीलचं काय? ते दोन टप्प्यांत करा. दुसऱ्या गावचे हौशी लोक अशा इंजिनांचे कास्टिंगचे संच बाहेरून मागवतात आणि महिनोन्‌महिने वाट पाहतात. तुमच्या गावात ओतकामाला कमी नाही. लाकडाचं पॅटर्न करून घ्या. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं तेवढं वाढवून, वर मशीनिंगसाठी प्रत्येक बाजूला दोन-तीन मिमी सोडा. ट्रॅक्टरचे पार्ट ओतणाऱ्या मोठ्या फाउंड्रीला तुमच्या दोन किलोच्या चाकासाठी सवड नसते. ओळखीने लहान फाउंड्री गाठा आणि त्यांच्या नेहमीच्या ग्रे आयर्नच्या ओतीत हे एक चाक घालायला सांगा. कशातलं हवं असं विचारलं तर एफजी २०० पुरेसं आहे. एकाऐवजी दोन ओतून घ्या, एखाद्यात हवेची पोकळी निघतेच.

कास्टिंगची वरची कातडी कडक असते आणि तिच्यात वाळू रुतलेली असते. ती उद्यमनगरच्या टर्नरकडून काढून घ्या. सगळीकडे अर्धा-पाऊण मिमी शिल्लक ठेवायला सांगा. तो पहिलाच कट कातडीच्या खालून खोल घेईल, घाबरू नका. वरवर चाटत बसलं तर टूलचं टोक वाळूवर घासून जातं. मग घरी कार्बाइड टिपने, म्हणजे एचएसएसहून कडक टोकाने, शेवटचा हात द्या. कार्बाइडला बिडावर ७० मीटरचा वेग चालतो, म्हणजे १४० मिमीला दीडशे-एकशे साठ फेरे, आणि तेवढ्यात २१० चा लेथ आरामात काम करतो. फक्त रिम आणि बोअर एकाच पकडीत काढा. जॉब सोडून पुन्हा पकडलात तर चाक डुलणार, आणि डुलणारं फ्लायव्हील बघणाऱ्याला पहिल्याच फेऱ्यात दिसतं. बिडाची भुकटी लेथच्या बेडवर, म्हणजे ज्या लांब पायावर टूल सरकतं त्याच्यावर, पडू देऊ नका, कागद अंथरा. ती तेलात मिसळली की बेडला घासून काढते.

मुलाने सुचवलेला ४० किलोचा लेथ वाईट नाही. त्याला नावं ठेवणारे बहुतेकदा त्याच्याकडून भलतं काम मागत असतात. पितळ, ॲल्युमिनियम, १०-१२ मिमीपर्यंतचं स्टील, घड्याळाचे पार्ट, पेनाची टोपणं, एवढ्यासाठी तो ठीक. पण त्याचं नाव तुम्हाला फसवतं. असे लेथ ‘सात बाय चौदा’ म्हणून विकतात. सात बाय चौदा म्हणजे बेडवर सात इंच, १८० मिमी व्यास फिरतो, हे खरं. टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडवरून मात्र त्याहून खूपच कमी व्यास जातो, कारण स्लाइडच तेवढी उंची खाते. आणि चौदा इंच म्हणजे सेंटर ते सेंटर, दोन टोकांच्या आधारांमधलं अंतर. तुम्हाला सिलिंडरला भोक पाडायचंय. जॉब पकडणारा चक पुढे येतो, त्यात ४५ मिमीचा जॉब, मग ड्रिल, मग ड्रिल चक, मग समोरच्या सरकत्या आधाराची, टेलस्टॉकची नळी. टेलस्टॉक मागे सरकवत बेडच्या काठाला कधी टेकला ते कळतही नाही. स्पिंडलचं भोक २० मिमी, म्हणजे तुमच्या स्कूटरच्या ३० मिमी बुशाचा बार आरपार जाणार नाही, प्रत्येक वेळी तुकडा कापून घ्यावा लागेल. २१० च्या वर्गात ३८ मिमी भोकाचे लेथ मिळतात. विक्रेत्याला हा आकडा आधी विचारा, कारण त्याच वर्गात लहान भोकाचेही खपवले जातात.

पण माझा मुख्य आक्षेप वजनावर आहे. टूल जॉबला ढकलतं तेवढंच जॉब टूलला ढकलतो, आणि तो जोर शेवटी बेडने सोसायचा असतो. हलक्या बेडला तो सोसत नाही, मग जॉब वाजायला लागतो, अंगावर लाटा उमटतात. हे सगळ्यात लवकर उघडं पडतं पार्टिंगमध्ये. २० मिमी माइल्ड स्टीलचा बार पार्टिंग टूलने सरळ कापायला सांगा. ४० किलोच्या लेथवर हात सराईत असेल तर जमतं, नाहीतर टूल रुततं आणि बेल्ट घसरतो. नवशिक्याला वाटतं चूक आपलीच. मग टूलला धार लाव, उंची बदल, वेग कमी कर, असं करत रविवार जातो. हौसेचं मशीन असं भांडणारं असू नये.

उद्यमनगरच्या जुन्या लेथबद्दल मला ममता आहे. जुन्या बिडाचा घट्ट लेथ, बॅक गिअर, चार जॉ चक, फेस प्लेट, सगळ्यासकट मिळत असेल तर पाणी न येणाऱ्या भागातल्या एखाद्या वाचकाला मी तोच घे म्हटलं असतं. आपल्याकडे लेथ बेडच्या लांबीने मोजतात, म्हणून साडेचार फुटी म्हटल्यावर साडेचार फुटांचा जॉब बसेल असं समजू नका. सेंटरमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपासच जागा मिळते. तसंच मालक ‘सेंटर हाइट १६५’ म्हणाला तर स्विंग ३३० समजा. ऑनलाइनवाले स्विंगचा आकडा लिहितात, आपले लोक सेंटरची उंची सांगतात, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून लोक चुकीची तुलना करतात.

‘कंडिशन टॉप’ म्हणजे बहुधा रंग नवा. एकदा जाऊन पाहायचाच असेल तर चकाजवळच्या बेडवर नजर ठेवा. टूल घेऊन सरकणाऱ्या कॅरेजचं काम आयुष्यभर तिथेच चालतं, म्हणून झीजही तिथेच होते. कॅरेज चकाजवळ नेऊन तिच्या पट्ट्या ढिलेपणा निघेपर्यंत आवळा आणि ती टेलस्टॉककडे सरकवा. मधेच अडकली तर बेड चकाजवळ झिजलाय, आणि तो ग्राइंड करून घ्यायचा खर्च मशीनच्या किमतीशी स्पर्धा करेल. बॅक गिअरचे दात मोजा, तुटके नाहीत ना. चेंज गिअरचा (आटे कापताना बदलून लावायच्या गिअरचा) संच कुठाय विचारा. ‘असेल कुठंतरी’ असं उत्तर आलं तर तो नाही असं समजा.

पण तुमच्यासाठी मी त्याला नाही म्हणतो, आणि त्याचं कारण झीज नाही. चार-साडेचारशे किलोचा लेथ तळमजल्यावर ठेवला की तो तिथेच राहणार. पाणी वाढायला लागलं की माणसं आधी आजारी माणूस, गॅस सिलिंडर, कागदपत्रं बघतात. लेथ जागीच राहतो, आणि पंचगंगेचा गाळ ॲप्रनमध्ये (कॅरेजच्या पुढच्या पेटीत), बेअरिंगमध्ये, मोटरच्या वाइंडिंगमध्ये शिरतो. गंज घासून काढता येतो, पण बारीक गाळ खोबणीतून काढणं म्हणजे सगळा लेथ सुटा करणं. तो वरच्या मजल्यावर ठेवायचा म्हणाल तर राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे २०० किलोच्या भाराला धरलेला असतो. साडेचारशे किलोचा लेथ, त्याचा स्टँड, शेजारी तुम्ही, आणि हे सगळं दोन पायांवर एकवटलेलं. इंजिनिअरला विचारल्याशिवाय तो विचारही करू नका, आणि जिन्यातून तो नेणार कोण हा प्रश्न वेगळाच.

२१० वाल्याचं तसं नाही. चक, टेलस्टॉक, टूलपोस्ट, वरची स्लाइड आणि जमलं तर मोटर काढली की उरतो नव्वद किलोच्या आसपासचा सांगाडा. गल्लीतल्या तालमीची चार पोरं तो दहा मिनिटांत वर नेतील. फक्त ही तयारी आधीच करून ठेवा. बेंचला लेथ नटबोल्टने बसवा, वेल्डिंग नको. बोल्टचे पाने एका डब्यात, डबा भिंतीला टांगलेला. उचलायला बेडखाली दोन पाइप कुठून घालायचे ते कोरड्या दिवशी एकदा पाहून ठेवा. चकाला किंवा लीड स्क्रूला (कॅरेज सरकवणाऱ्या आट्यांच्या लांब दांड्याला) धरून उचलू देऊ नका, पोरं पहिल्यांदा तिथेच हात घालतात. आणि राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची इशारा पातळी गाठली अशी बातमी आली की हालवाहालव सुरू करा. ४३ फुटांची धोका पातळी यायची वाट पाहू नका, तेव्हा पोरं दुसऱ्यांच्या घरात गुंतलेली असतात. कायमचा वरच ठेवता आला तर आणखी बरं, सव्वाशे किलो भिंतीच्या कडेला चालतात. मात्र चपलेला चिकटून चिप्स, म्हणजे धातूचा कीस, घरभर होतात आणि अनवाणी माणसाच्या पायात घुसतात, तेव्हा हा निर्णय एकट्याने घेऊ नका.

आता दुकानात काय पाहायचं. जाताना तीन वस्तू न्या. ०.०१ मिमीचं डायल (बारीक हालचाल सुईने दाखवणारं मापक) मॅग्नेटिक बेससह, मायक्रोमीटर, आणि २५ मिमी ब्राइट बारचा दीड वीत तुकडा. डायल नसेल तर आधी डायल घ्या, ते तसंही लागणारच आहे.

पहिलं, चक काढायला लावा आणि स्पिंडलच्या आतल्या टेपरला, म्हणजे निमुळत्या भोकाला, डायल लावा. हाताने सावकाश फिरवा. सुई एका घरात राहिली तर छान, दोनपर्यंत मी चालवून घेईन, त्यापुढे नाही. ही तपासणी चकावर करू नका. तीन जॉ चक स्वतःच पाच-सात घरं चुकतो, तो दोष लेथचा नव्हे आणि चक बदलता येतो. मग चकात बार धरून डायल बारवर टेकवा आणि लाकडी दांड्याने बार वर उचलल्यासारखा करा. सुई हलली आणि परत आली नाही तर बेअरिंग सैल आहे. नव्या मशीनमध्ये ते बहुतेक वेळा आवळून जातं, पण ते तुमच्यासमोर आवळू दे.

दुसरं, आणि मला सगळ्यात जास्त भरवसा याच्यावर आहे. बार चकातून १०० मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉकचा टेकू नको. चकाजवळ आणि टोकाला एकेक पट्टा सोडून मधला भाग थोडा खाली उतरवा. मग दोन्ही पट्ट्यांवर टूलची सेटिंग न बदलता अगदी हलका कट घ्या, आणि तोच कट खोली न वाढवता दोनदा पुन्हा फिरवा. कारण बार टोकाला टूलपासून थोडा लवतो आणि पहिल्या कटात टोक जाड राहतं, ती चूक मशीनच्या माथी नको. आता दोन्ही पट्टे मायक्रोमीटरने मोजा. व्यासात दोन शतांश मिमीच्या आत फरक असेल तर हेडस्टॉक (स्पिंडल बसवलेली पेटी) बेडशी सरळ आहे. विक्रेता म्हणेल की कट घेऊन दाखवता येत नाही, मशीन पॅक आहे. मग दुसरा विक्रेता पाहा. दीड लाखाचं गिऱ्हाईक आहात, चहा नको म्हणा, पार्टिंग करून दाखवा म्हणा.

क्रॉस स्लाइडचं हँडल उलटसुलट फिरवून किती रिकामं फिरतं ते पाहा. त्यावरून घाबरून जायचं कारण नाही, प्रत्येक स्क्रूला थोडं असतंच आणि टूल नेहमी एकाच बाजूने आणायची सवय लागली की त्रास देत नाही. गिब (स्लाइडचा ढिलेपणा काढणारी पट्टी) आवळल्यावर हालचाल एकसारखी राहते का ते महत्त्वाचं. बेड हार्डन केलेला आहे का, चेंज गिअर धातूचे की प्लास्टिकचे, मोटर ब्रशची की ब्रशलेस, हे कागदावर लिहून घ्या. मी ब्रशलेस घेईन, खालच्या गतीला ती जास्त तग धरते. आणि कंट्रोल बोर्ड गेला तर तो भारतात कुणाच्या गोडाऊनमध्ये शिल्लक आहे, हे विचारा. ‘मागवून देऊ’ या उत्तराचा अर्थ दोन-तीन महिने. अशा मशीनचं बिडाचं अंग पिढीभर टिकतं, पण बोर्ड टिकेल याची खात्री कुणी देत नाही.

आट्यांचं थोडं सांगतो, कारण तुम्ही समई लिहिलीत. स्कूटरचे आणि इंजिनाचे लहान आटे टॅप-डायने, म्हणजे आटे पाडायच्या हातहत्यारांनी पाडा, त्यासाठी लेथला राबवू नका. जुन्या समईचे आटे मात्र कुठल्याच टॅपला जुळत नाहीत, ज्या कारागिराने घडवली त्याच्या हिशेबाचे असतात. तिथे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मोजून लेथवर कापावे लागतात. चेंज गिअरचं गणित सरळ आहे. हवा तो पिच भागिले लीड स्क्रूचा पिच. लीड स्क्रू २ मिमीचा आणि तुम्हाला १.२५ हवा तर पाच अष्टमांश, म्हणजे चालवणारा ५० दातांचा आणि चालणारा ८० चा. इंची आटे निघाले तर अचूक गुणोत्तरासाठी १२७ दातांचा गिअर लागतो. तो बसत नसेल तर ६३ चा पाहा. इंचाला वीस आट्यांसाठी चालवणारा ४० चा आणि चालणारा ६३ चा लावला की फरक इतका सूक्ष्म राहतो की समईला कळणारही नाही. मशीनबरोबरच्या संचात ६३ आहे का ते पाहून घ्या. पितळ कापताना टूलला वरचा उतार देऊ नका, माथा सपाट ठेवा. उतार असेल तर पितळ टूलला आत ओढतं आणि जुन्या समईचा तुकडा तुमच्या हातात येतो.

सिलिंडरच्या बोअरची मायक्रॉनवारी चिंता करू नका. लेथवर गोल आणि सरळ काढा, शेवटचा हात लॅपिंगने, म्हणजे बारीक भुकटीने घासून, द्यायचाच आहे, आणि पिस्टन त्या बोअरला पाहून बसवायचा.

पैशाचा हिशेब असा ठेवा की मशीन एक लाखाच्या आत बसलं पाहिजे. उरलेल्यात चार जॉ चक घ्या, तो माझ्या मते तीन जॉच्या आधी. डायल लावून जॉब ट्रू करायला तोच शिकवतो. डायल, मायक्रोमीटर, लाइव्ह सेंटर, ड्रिल चक, दोन बोरिंग बार, क्विक चेंज टूलपोस्ट, आणि एक बेंच ग्राइंडर. इन्सर्टचे (बदलायच्या कार्बाइड टिपांचे) चकचकीत संच सुरुवातीला घेऊ नका, फ्लायव्हीलपुरता एक पुरे. मिरांडाचे एचएसएस बिट घ्या आणि धार लावायला शिका. लहान लेथला धारदार एचएसएस जेवढं मानवतं तेवढं कार्बाइड मानवत नाही, कार्बाइडला जोर लागतो. बेंच ५० बाय ५० च्या अँगलचा, वर १० मिमी प्लेट, उंची अशी की सेंटर तुमच्या कोपराला येईल. खरेदीच्या किमतीत ट्रान्सपोर्ट कुठपर्यंत आहे तेही विचारा. बहुतेक जण गोडाऊनपर्यंत आणतात, तिथून शाहूपुरीपर्यंत टेम्पो तुमचा.

बेंचवर बसवल्यावर दोन पट्ट्यांची ती तपासणी घरी पुन्हा करा. बोल्ट आवळताना बेड पिळतो आणि दुकानात सरळ असलेला लेथ घरी टेपर काढायला लागतो. टोक जाड येत असेल तर टेलस्टॉकच्या बाजूच्या, तुमच्या पुढच्या पायाखाली पातळ शिम (पत्र्याची पट्टी) घाला, पुन्हा कट, पुन्हा मोज. यात एक अख्खी दुपार जाते आणि ती जाऊ द्यावी.

सिंगल फेजची अडचण नाही. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, अशा मोटरला १६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. मात्र अर्थिंग खरोखर आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या आणि ओल येणाऱ्या खोलीत आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावाच. सॉकेट छातीच्या उंचीवर. पावसाळ्यात मशीनला प्लास्टिक गुंडाळू नका, आत दव धरतं. बेडला तेलाचा हात आणि वर जुनी सुती चादर.

आवाजाबद्दल घरात निर्धास्त सांगा. लेथचा स्वतःचा आवाज भिंतीपलीकडे फारसा जात नाही. आटे कापत नसाल तेव्हा चेंज गिअर सोडवून ठेवा, निम्मी कुरकुर तिथेच संपते. शेजाऱ्यांना त्रास होतो तो ग्राइंडर आणि हॅकसॉचा, तो दुपारी दोन ते चार सोडून करा. तुमच्या अंगावरची काळजी मात्र तुमच्या घरच्यांनी घ्यावी. मनगटातला दोरा, गळ्यातली माळ, अंगठी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून लेथसमोर उभं राहायचं नाही. हातमोजेही नाहीत, फिरता चक मोजा पकडला की हातासकट ओढतो. चकाची चावी चकात ठेवून हात बाजूला न्यायचा नाही, एका क्षणासाठीसुद्धा नाही.

राहिले उद्यमनगरचे तुमचे ओळखीचे. त्यांना फोनवर नाही म्हणू नका, जाऊन भेटा. लेथ विकायला काढणाऱ्या माणसाच्या खणात तीस वर्षांची एचएसएस बिटं, सेंटर ड्रिल, रीमर, मँड्रेल, अर्धे झिजलेले टॅप पडलेले असतात आणि नव्या मालकाला त्यांचं काही नसतं. ते सगळं वेगळं किती म्हणून विचारा. आणि फ्लायव्हीलची कातडी काढायला चाक कुणाकडे न्यायचं तेही तिथेच विचारून या. कदाचित लेथ विकला जाईपर्यंत ते स्वतःच काढून देतील.